मलम थांबवलं की इसब परत का येतो?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ४ वर्षांचा, वजन १५ किलो. ८ महिन्यांचा असताना गालांवर खरखरीत चट्टे उठले, आता ते कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत आणि मानेवर आहेत. निदान अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीचा इसब. मोमेटासोनचं (एक स्टिरॉइड) मलम लावलं की ५ दिवसांत साफ, थांबवलं की १५ दिवसांत पुन्हा तेच. रात्री खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) १२००. घरात कुणी म्हणतं दूध-अंडी बंद करा, कुणी म्हणतं स्टिरॉइडने रोग आत दाबला जातो आणि पुढे दमा होतो. हा आजार मुळापासून जाईल का?

वर्णनावरून निदान बरोबर वाटतं आणि मलमही चुकीचं नाही. चुकतंय ते लावण्याचं प्रमाण आणि थांबवण्याची वेळ. पण त्याआधी ‘मूळ’ कशाला म्हणायचं ते पाहू, कारण या शब्दापायी फार पैसा आणि वेळ वाया जातो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध पदार्थांचा चुना. या विटा घट्ट बसवणारं एक प्रथिन आहे, फिलॅग्रिन. त्याचं विघटन झालं की त्यातून पाणी धरून ठेवणारे घटक तयार होतात आणि त्वचा थोडी आम्लधर्मी राहते. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिनच्या जनुकातला दोष हा या आजाराचा मोठा धोका आहे. हा दोष सगळ्या रुग्णांत सापडत नाही, पण भिंत कच्ची असणं मात्र जवळपास सगळ्यांत असतं. मुलाचा तळहात उजेडात धरून पाहा. रेषा वयाच्या मानाने फारच दाट आणि खोल दिसत असतील, नडगीवर माशाच्या खवल्यांसारखा कोरडेपणा असेल, तर फिलॅग्रिन कमी असण्याची शक्यता बरीच.

कच्च्या भिंतीतून पाणी बाहेर जातं आणि साबण, धूळ, घाम, जंतू आत येतात. शरीराची संरक्षण यंत्रणा त्यावर चवताळते आणि इंटरल्यूकिन ४, १३ आणि ३१ नावाचे निरोप सोडते. यातले ४ आणि १३ फिलॅग्रिन आणि स्निग्ध पदार्थ आणखी कमी करतात, आणि ३१ मुळे खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी ढासळते. जनुक बदलता येत नाही, म्हणून ‘मुळापासून’ या अर्थाने औषध नाही. पण हे चक्र तोडता येतं आणि तुटलेलं ठेवता येतं. वय वाढेल तसा बऱ्याच मुलांचा त्रास आपोआप उतरतोही, त्वचा कोरडी राहण्याची प्रवृत्ती तेवढी उरते.

आता प्रमाणाकडे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक सलग रेघ ओढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या, बोटांसकट, भागाला पुरतं. तुमच्या मुलाचे दोन्ही कोपर, दोन्ही गुडघ्यांमागचे भाग आणि मान मिळून तुमचे तीन पंजे धरू. म्हणजे दीड रेघ, पाऊण ग्रॅम, रोज एकदा. १४ दिवसांचे झाले साडेदहा ग्रॅम. याचा अर्थ १५ ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त रिकामी व्हायला हवी. बहुतेक घरांत तीच ट्यूब चार महिने पुरते, कारण भीतीपोटी मटाराच्या दाण्याएवढं मलम घेऊन ते चारही सांध्यांना पुसलं जातं. त्याने आग मंदावते, विझत नाही. एक बारकावा: ही रेघ ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी मोजलेली आहे. ट्यूबचं तोंड त्याहून अरुंद असेल तर रेघ बारीक येते आणि औषध कमी पडतं.

थांबवायची वेळ डोळ्यांनी ठरवू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लाली फारशी दिसतच नाही. दिसतो तो तपकिरी, राखाडी किंवा जांभळट रंग, आणि कधी नुसते केसांच्या मुळाशी उठलेले बारीक पुरळ, काटा आल्यासारखे. डोळे मिटून बोट फिरवा. जवळच्या चांगल्या त्वचेपेक्षा तो भाग खरखरीत किंवा जाड लागत असेल तर दाह अजून आत आहे. तुमच्याकडे पाचव्या दिवशी ‘साफ’ होतं म्हणता, तेव्हा बहुधा फक्त वरचा भडका गेलेला असतो. रोज एकदा मोमेटासोन, त्वचा बोटाला पूर्ण मऊ लागेपर्यंत, साधारण ७ ते १४ दिवस. त्यानंतर एकदम बंद नाही. त्याच जागांवर आठवड्यातून दोन दिवस, समजा बुधवारी आणि शनिवारी, दिसायला काही नसलं तरी लावत राहायचं, साधारण ४ महिने. वरून बरी दिसणारी ती त्वचा आतून बरी नसते, आणि ‘थांबवलं की परत’ हा प्रकार याच दोन दिवसांच्या मात्रेने सगळ्यात जास्त आटोक्यात येतो. ही मात्रा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मलमाची ताकद आणि जागा यांवर ती बदलते.

त्वचेवर काळे किंवा पांढरट डाग राहतील. ते मलमाने पडलेले नसतात, दाह ओसरल्यावर उरलेला रंगातला फरक असतो, काही महिन्यांत भरतो. गालावरचे फिकट पांढरे चट्टेही याच कुळातले. त्यासाठी जंतांचं औषध आणि कॅल्शियम देण्याची आपल्याकडची पद्धत निरर्थक आहे.

स्टिरॉइडच्या भीतीत तथ्य आहे, पण भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. कोपराच्या घडीत वर सांगितलेल्या पद्धतीने मध्यम ताकदीचं मलम लावल्याने त्वचा पातळ होत नाही. पातळ होते ती चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथे तीव्र मलम आठवडेच्या आठवडे लावल्याने. पापणीवर ते सतत लागलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. आणि खरा उच्छाद आहे तो औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मिश्र मलमांचा: क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टिरॉइड, एक बुरशीविरोधी, एक-दोन अँटिबायोटिक, सगळं एकाच ट्यूबमध्ये. जी आई ०.१ टक्का मोमेटासोनला घाबरते, तिच्याच घरात हे मलम ‘खाजेचं’ म्हणून ड्रॉवरमध्ये असतं. गजकर्णावर ते लावलं की खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरत जाते. २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्यूबवर चारपाच औषधांची नावं दिसली तर ती या आजारासाठी नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ‘स्टिरॉइड नाही, शुद्ध जडीबुटी’ म्हणून दिलेल्या बिनलेबलच्या पुड्यांपासूनही सावध. दोन दिवसांत चमत्कार, मग मुलाचा चेहरा गोल होतो, भूक वाढते, आणि पुडी थांबली की अंगभर भडका, हे पोटातल्या स्टिरॉइडचंच वागणं आहे.

चेहरा, पापण्या आणि काखेसाठी वेगळी मलमं आहेत. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस, किंवा टॅक्रोलिमस ०.०३ टक्के, २ वर्षांपुढच्या मुलांना. मोठ्यांसाठी ०.१ टक्का. टॅक्रोलिमस स्टिरॉइड नाही, त्वचा पातळ करत नाही, मात्र पहिले चारपाच दिवस चुरचुरतं, आणि तिथेच बहुतेक लोक ते सोडून देतात. त्यावर उपाय सोपे आहेत. आधी थोडे दिवस सौम्य स्टिरॉइडने भडका उतरवून मग सुरू करा, आंघोळीनंतर त्वचा पूर्ण सुकू द्या, ट्यूब फ्रीजमध्ये ठेवा. खोक्यातल्या कागदावर कर्करोगाचा इशारा छापलेला असतो. तो २००६ मध्ये अमेरिकेत सावधगिरी म्हणून आला. त्यानंतर लहान मुलांवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींत तसा वाढीव धोका दिसलेला नाही.

औषधाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, काम मॉइश्चरायझरचं आहे. या वयाला अंगभर दिवसातून दोनदा लावायचं तर रोज २५ ते ३० ग्रॅम लागतं, म्हणजे मोठे दोन चमचे भरून, आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास. १०० मिलीची सुगंधी बाटली दोन महिने पुरत असेल तर ते मॉइश्चरायझर लावणं नव्हे. महागडं नाव नको. साधं पांढरं पेट्रोलियम जेली पाण्याची वाफ अडवण्यात भल्याभल्या क्रीमला मागे टाकतं, पण उन्हाळ्यात चिकट होतं आणि घामोळं आणतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या किंवा पुण्यातल्या कोरड्या थंडीत जेली किंवा घट्ट मलम, आणि कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात ग्लिसरीन-सेरामाइडचं हलकं क्रीम, असं ऋतू पाहून बदला. युरिया असलेलं क्रीम मोठ्यांच्या टाचांना चांगलं, लहान मुलाच्या खरचटलेल्या कोपराला ते झोंबतं आणि मग पोरगं कुठलंच क्रीम लावू देत नाही. कडुनिंब, हळद, कोरफड, बदाम-केशर असलं काही घातलेलं नको. ‘नैसर्गिक’ वास हाही वासच, आणि कच्च्या भिंतीतून तो आत जातो. खोबरेल चालतं. लहान मुलांवर झालेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं आहे. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, ते त्वचेची भिंत मजबूत करण्याऐवजी सैल करतात. घरात दुसरं बाळ येणार असेल आणि त्याला जन्मापासूनच क्रीम चोपडून इसब टाळता येईल का असं मनात असेल, तर नाही. २०२० साली मोठ्या चाचण्यांत हे करून पाहिलं गेलं, फायदा दिसला नाही.

आंघोळ रोज चालते, फक्त ५ ते १० मिनिटं, कोमट पाण्याने. हाताला ‘छान गरम’ लागणारं पाणी या मुलांसाठी जास्तच गरम असतं. डाळीचं पीठ, उटणं, घासणी, वजरी, सगळं बंद. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हट्टच असेल तर उटण्याचं बोट कपाळाला लावून सोडून द्या. नेहमीचा साबण ९-१० पीएचचा (आम्लता मोजायचा आकडा) असतो आणि त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, म्हणून साबणाऐवजी ५.५ पीएचचा सिंडेट बार (साबण नसलेली वडी) वापरा आणि तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच. बाहेर आल्यावर टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. स्टिरॉइड आधी की मॉइश्चरायझर आधी यावर लोक उगाच भांडतात. दोन्हींत १५-२० मिनिटं जाऊ द्या, क्रम कुठलाही चालेल. हात केसांच्या दिशेने, वरून खाली फिरवा, उलट चोळलं की केसांच्या मुळाशी फोड उठतात. बोअरच्या जड पाण्याचा आणि इसबाचा संबंध पाहण्यांत दिसतो खरा, पण इंग्लंडमध्ये घरोघरी पाणी मऊ करणारी यंत्रं बसवून केलेल्या चाचणीत मुलांच्या इसबात फरक पडला नाही. तो खर्च मॉइश्चरायझरवर करा.

आता खाणं. आयजीई १२०० हा आकडा आजाराची सावली आहे, कारण नव्हे. तो खाली आणण्यासाठी काही करायचं नसतं आणि दर तीन महिन्यांनी तपासायचाही नसतो. रक्तातल्या अ‍ॅलर्जी चाचणीच्या लांबलचक यादीत गहू, दूध, वांगं, झुरळ अशी नावं ‘पॉझिटिव्ह’ येतात. त्याचा अर्थ शरीराने ती ओळखून ठेवली आहेत, खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. खरी अन्न-अ‍ॅलर्जी काही मिनिटांत ते दोन तासांत कळते: अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर. असं कधी झालं असेल तर तो पदार्थ बंद ठेवून अ‍ॅलर्जीचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, घरी पुन्हा देऊन बघू नका. असं काहीच झालेलं नसेल आणि मूल दूध-अंडं बिनतक्रार खात असेल, तर ते बंद करू नका. एक तर १५ किलोच्या मुलाची प्रथिनं जातात. दुसरं म्हणजे पचत असलेला पदार्थ महिनोनमहिने तोडला की शरीराची त्याची सवय मोडते, आणि परत दिल्यावर खरीखुरी तीव्र अ‍ॅलर्जी उलटू शकते. २०१५ साली लंडनमधल्या चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना शेंगदाणा लवकर आणि नियमित दिला, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी निघाली. टोमॅटो, लिंबू, संत्र्याने तोंडाभोवती लाल होतं ते बहुतेक वेळा रस त्वचेला झोंबल्याने. जेवायच्या आधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की काम झालं.

दम्याचं म्हणाल तर, इसब, मग अन्नाची अ‍ॅलर्जी, मग दमा आणि सर्दी-शिंका, ही एकाच प्रवृत्तीची एकामागून एक येणारी रूपं आहेत. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी मलमाने इसब आटोक्यात येतो आणि त्याच सुमाराला दम्याची पहिली घरघर ऐकू येते, म्हणून दोन्हींची गाठ मारली गेली. दाबून आत जायला तिथे काही नसतं. उलट उघडी, फाटलेली त्वचा हीच नव्या अ‍ॅलर्जी शिरायची वाट आहे असं आज मानलं जातं.

रात्रीच्या खाजेसाठी सेटिरिझिनचा (अ‍ॅलर्जीचं, हिस्टामिन अडवणारं औषध) फारसा उपयोग नाही, कारण ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते. झोप आणणाऱ्या जुन्या औषधांनी मूल गुंगतं, तेही थोड्या रात्रींपुरतं ठीक. त्यापेक्षा नखं दर तीन दिवसांनी कापा, झोपताना सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पंखा चालू ठेवा. भडका फारच असेल तर ओली पट्टी: मलम आणि भरपूर मॉइश्चरायझर लावून कोमट पाण्यात पिळलेली सुती पट्टी किंवा बनियनचा तुकडा, त्यावर कोरडा थर, रात्रभर. डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय आणि जखम चिघळलेली असताना हे करू नये. ओल्या पट्टीखाली स्टिरॉइड जास्त शोषलं जातं, त्यामुळे थोडेच दिवस. दिवसा मुलाच्या नखांकडे बघा. पॉलिश केल्यासारखी चकाकत असतील तर मूल तुमच्या नकळत खाजवत आहे.

सगळं नीट करूनही १०-१५ दिवसांत फरक नसेल तर औषध वाढवण्याआधी तीन गोष्टी तपासा. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती, जांघेत पुरळ आहेत का? मग ती खरूज असू शकते, आणि तिला ५ टक्के परमेथ्रिन सगळ्या घराने एकाच रात्री लावावं लागतं. चट्ट्याची कड उठलेली आणि मध्यभाग बरा झालेला दिसत असेल तर गजकर्ण, ते खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. आणि चट्ट्यांवर मधासारख्या पिवळट ओल्या खपल्या असतील तर स्टॅफिलोकोकस जंतूने घर केलं आहे. थोड्या भागावर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिड सात दिवस, जास्त पसरलं तर पोटातलं अँटिबायोटिक. जंतुसंसर्ग दिसत नसताना ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक नको. पाण्यात ब्लीच घालून आंघोळ घालण्याची पद्धतही आहे, पण तिचं प्रमाण ०.००५ टक्के इतकं विरळ असतं आणि बाजारातल्या बाटल्यांची ताकद सारखी नसते, म्हणून माप डॉक्टरांकडून लिहून घ्या.

याहून पुढचे उपचार तुमच्या मुलाला आज लागतील असं वाटत नाही. तरी नावं माहीत असावीत. मोठ्या मुलांना आठवड्यातून दोन-तीनदा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार देतात. सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट ही संरक्षण यंत्रणा शांत करणारी औषधं. सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं, पण रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) मोजत राहावं लागतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेलं आहे, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून मागा. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन ४ आणि १३ चा निरोप अडवतं. अमेरिकेत ते २०१७ मध्ये मोठ्यांसाठी आणि २०२२ मध्ये ६ महिन्यांपुढच्या बाळांसाठी मंजूर झालं. डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास, आणि किंमत हा मोठा अडसर. उपाडासिटिनिब, अब्रोसिटिनिबसारख्या जॅक-रोधक (पेशीच्या आत हेच निरोप अडवणाऱ्या) गोळ्यांनी खाज काही दिवसांत उतरते, पण आपल्याकडे त्या सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केलीच पाहिजे. पोटातून स्टिरॉइड किंवा लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन हा मात्र सापळा आहे. आठ दिवस सुख आणि मग आधीपेक्षा मोठा भडका.

एका गोष्टीसाठी अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. चट्ट्यांवर अचानक एकसारख्या आकाराचे, टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडले, ते खाजण्यापेक्षा दुखत असतील आणि ताप असेल, तर तो हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा, असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू व्हावं लागतं, आणि टॅक्रोलिमस लावत असाल तर थांबवा. डोळ्याजवळ असेल तर रात्र काढू नका. घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले असतील तर त्या दिवसांत बाळाचे पापे नकोत. बाकी नेहमीच्या सगळ्या लसी वेळेवर द्या, इसब आहे म्हणून कुठलीही पुढे ढकलायचं कारण नाही.

आज मोमेटासोनची नवी ट्यूब फोडा आणि तिच्यावर पेनाने तारीख घाला. दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना तीच ट्यूब आणि मॉइश्चरायझरचा डबा बरोबर न्या. किती वापरलं हे तोंडी सांगण्यापेक्षा त्यात किती उरलंय ते दाखवा.